संग्रहालय ऑनलाइन आणताना: आधी नोंदवही, मग कॅमेरा, वेबसाइट शेवटी

संग्रहालय ऑनलाइन आणायचं ठरलं की पहिला फोन वेबसाइटवाल्याला जातो. घोळाची सुरुवात तिथूनच होते. वेबसाइट महिन्याभरात उभी राहते, पण तिच्यात टाकायला धड यादी नसते. मग उद्घाटनाचे फोटो, विश्वस्त मंडळाची नावं आणि ‘संग्रह लवकरच’ एवढ्यावर ती वर्षानुवर्षं पडून राहते. गोल फिरवून दालन दाखवणाऱ्या ‘व्हर्च्युअल टूर’चं याहून वाईट होतं. त्यात दालन दिसतं, पण काचेआडच्या चिठ्ठीवरचं अक्षर लागत नाही. शिवाय तंत्र बदललं की सगळंच बंद पडतं. फ्लॅशवर केलेल्या कितीतरी सफरी ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतल्यावर कायमच्या गेल्या.

हा लेख लहान संग्रहालयांसाठी आहे. तालुक्याच्या गावातली संस्था, कॉलेजचा इतिहास विभाग किंवा घराण्याचा ट्रस्ट, पाचशे ते दोन हजार वस्तू, एक-दोन माणसं आणि बेताचे पैसे, असं चित्र धरून चाललो आहे. खालचा क्रम मोडू नका. पुढचा टप्पा आधी उरकला की मागचा दोनदा करावा लागतो.

टप्पा १: पहिल्या पन्नास वस्तू निवडा

सगळा संग्रह एकदम घ्यायला गेलात तर दोनशेव्या वस्तूला माणसं थकतात आणि हाती अर्धवट दोनशे नोंदी उरतात. पन्नास वस्तू शेवटपर्यंत न्या, म्हणजे नोंद, फोटो, मजकूर आणि प्रसिद्धी हे सगळं पूर्ण करा. कुठे काय अडतं ते या पन्नासांत कळतं.

निवडताना फक्त तलवारी आणि मूर्ती घेऊ नका. थोडी नाणी, एखादं हस्तलिखित, एखादा वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मृतीचा कोरीव दगड), स्वयंपाकघरातल्या चार वस्तू, एखादं वस्त्र आणि एक चौकटीतलं चित्र असू द्या. प्रत्येक प्रकाराचा फोटो वेगळ्या रीतीने काढावा लागतो आणि माहितीही वेगळी लागते. पन्नास अडकित्त्यांवर सराव केलात तर ताम्रपट समोर आल्यावर पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल.

टप्पा २: नोंदवही आणि वस्तू यांचा मेळ घाला

हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद असलेली वही, घेऊन दालनात आणि कोठीत जा. एकजण वहीतला क्रमांक वाचेल, दुसरा वस्तू शोधेल. मग उलटही करा: वस्तू उचला आणि तिची नोंद शोधा. दोन्ही बाजूंनी केल्याशिवाय घोटाळे उघड होत नाहीत.

सापडणारे घोटाळे साधारण ठरलेले असतात. एकाच क्रमांकाच्या दोन वस्तू, क्रमांक पुसलेली वस्तू, वहीत ‘नाणी, १ पिशवी’ एवढीच नोंद, किंवा वहीत असलेली पण जागेवर नसलेली वस्तू. शेवटचा प्रकार सापडला तर तो लेखी नोंदवा आणि विश्वस्तांना कळवा. ऑनलाइन करण्याच्या कामात तो गुपचूप गाळू नका.

जुने क्रमांक बदलू नका. नवी सुटसुटीत पद्धत आणण्याचा मोह होतो, पण जुन्या पत्रांत, पावत्यांत आणि अभ्यासकांच्या लेखांत जुनाच क्रमांक असतो. क्रमांक नसलेल्या वस्तूंना वेगळी मालिका द्या. पिशवीतल्या नाण्यांना मूळ क्रमांकाखाली १, २, ३ असे पोटक्रमांक पुरतात.

सावधान: क्रमांक मार्करने थेट वस्तूवर लिहू नका, चिकटपट्टीही लावू नका. सुती दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी चालते.

तपासा: पन्नासांपैकी कोणताही क्रमांक पुकारला तर वस्तू पाच मिनिटांत हातात येते का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: तक्ता तयार करा

साधं एक्सेल किंवा गूगल शीट पुरतं. एका वस्तूला एक ओळ, एका प्रकारच्या माहितीला एक रकाना. रकाने असे: क्रमांक, वस्तूचं नाव, स्थानिक नावं, साहित्य, मापं, वजन, काळ (मूळ शब्दांत), काळ (इसवी सनात, पासून–पर्यंत), कुठून मिळाली, कशी मिळाली, वर्णन, हक्क, फोटोंची नावं. याशिवाय कोठीतली जागा, विम्याची किंमत आणि देणगीदाराचा पत्ता हे रकाने वेगळ्या फाइलीत. एकाच फाइलीत ‘लपवलेले’ रकाने ठेवले की कधीतरी कुणीतरी पूर्ण फाइल वेबसाइटवाल्याला पाठवतंच.

इथे पाच चुका हमखास होतात.

पहिली, एक्सेल स्वतःच्या मनाने आकडे बदलतं. वस्तूचा क्रमांक १२-५ लिहिला की त्याची १२ मे होते, ००४७ चे ४७ होतात. काही लिहिण्याआधी क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्या.

दुसरी, जुने फॉन्ट. संस्थेकडे आधी टाइप केलेली यादी असेल तर ती बहुतेक युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये असते. पडद्यावर मराठी दिसते, वेबसाइटवर टाकली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो, आणि शोधात काहीच सापडत नाही. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावे लागतात.

तिसरी, देवनागरी आणि इंग्रजी आकड्यांची सरमिसळ. माणसाला दोन्ही सारखे, शोधयंत्रणेला ते वेगवेगळे. क्रमांक आणि मापं सगळीकडे एकाच प्रकारच्या आकड्यांत ठेवा.

चौथी, लेखनाची रूपं. शिवराईवर, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावर, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असतं, ऱ्हस्व ति. शोधणारा मुलगा ‘छत्रपती’ टाइप करतो. नाण्यावरचा मजकूर जसाच्या तसा एका रकान्यात आणि आजच्या लेखनातला दुसऱ्यात ठेवा. अडकित्ता, लामणदिवा, रोवळी यांची गावोगावची नावंही ‘स्थानिक नावं’ या रकान्यात भरा. आजी ज्या नावाने ओळखते त्या नावाने वस्तू सापडली पाहिजे.

पाचवी, सर्वांत महागात पडणारी: काळ. ‘शके १७१०’ असं असेल तर ७८ मिळवून १७८८, आणि वर्षाचे शेवटचे महिने १७८९ मध्ये जातात. म्हणून इसवी सनाच्या रकान्यात १७८८–१७८९ लिहा. फसली सनात (शेतसाऱ्याच्या हिशेबाचा सन) साधारण ५९० मिळवतात. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत येतो: ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे सहा, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७६. त्यात ५९९ मिळवले की १७७५–७६. हे वर्ष मृग नक्षत्राला बदलतं, त्यामुळे कागदावर महिना असेल तर नेमकं इसवी वर्षही सांगता येतं. मूळ शब्द मात्र कधीही पुसू नका. रूपांतर चुकलं असेल तर ते त्यावरूनच सापडेल.

ज्याचा काळ माहीत नाही त्यापुढे ‘काळ अनिश्चित’ लिहा. प्रत्येक जुन्या भांड्याला ‘शिवकालीन’ म्हणायची सवय या निमित्ताने सोडता आली तर उत्तम.

टप्पा ४: हक्क आणि परवानग्या, फोटो काढण्याआधी

वस्तू आपल्या मालकीची आहे म्हणून तिच्यावरचा कॉपीराइट आपला होत नाही. चित्रं, छायाचित्रं, पत्रं आणि अलीकडची शिल्पं यांच्याबाबत हे पाहावंच लागतं. १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं हक्क टिकतो. चित्रकार म. वि. धुरंधर १९४४ साली गेले, म्हणजे त्यांची चित्रं २००५ पासून मोकळी. सा. ल. हळदणकर १९६८ साली गेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०२८ च्या अखेरपर्यंत आहे. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं प्रसिद्ध चित्र अनेकजण रविवर्म्याचं समजतात. कर्ता चुकीचा धरला की हक्काचा हिशेबही चुकतो, तो असा.

छायाचित्राला २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत प्रसिद्धीपासून ६० वर्षं होती, आता तिथेही छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून मोजतात. लेखकाच्या हयातीत न छापलेल्या पत्रांची मोजणी मात्र ती पहिल्यांदा प्रसिद्ध होतात तेव्हापासून होते, म्हणून एखाद्या पुढाऱ्याचा पत्रव्यवहार जुना आहे एवढ्यावर ऑनलाइन टाकू नका. वारसांकडून लेखी परवानगी घ्या. एक पानाचं साधं पत्र पुरतं, पण त्यात ‘संकेतस्थळावर आणि शैक्षणिक वापरासाठी’ हे शब्द हवेत.

फोटोग्राफरशीही आधीच लेखी ठरवा. फोटो संस्थेचे राहतील आणि संस्था ते खुल्या परवान्याखाली देऊ शकेल, हे करारात घ्या. सपाट चित्राच्या हुबेहूब फोटोबद्दल फारसा वाद होत नाही, पण मूर्तीच्या किंवा भांड्याच्या फोटोवर फोटोग्राफरचा हक्क असतो.

कायद्यापलीकडच्या दोन गोष्टी आहेत. देवाचे टाक, बोहाड्याचे (आदिवासी भागातल्या सोंगांच्या उत्सवाचे) मुखवटे, समाधीतल्या वस्तू यांच्याकडे कुणीतरी आजही श्रद्धेने पाहतं. ज्या समाजाची वस्तू आहे तिथल्या जाणत्यांना विचारा, काही वस्तू ऑनलाइन न टाकण्याची तयारी ठेवा. दुसरं, जुन्या नोंदवहीतली भाषा. जातींचे हेटाळणीचे उल्लेख आणि ‘रानटी लोकांचे दागिने’ असले शब्द वहीत सापडतातच. मूळ नोंद आतल्या फाइलीत तशीच ठेवा, लोकांसमोरचं वर्णन नव्याने लिहा.

पुरावस्तू कायदा १९७२ चा आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं त्यात येतात. नोंदणी राहिली असेल तर ती आधी मार्गी लावा. ऑनलाइन आल्यावर सगळ्यांना दिसणारच आहे.

टप्पा ५: फोटो

महाग कॅमेऱ्यापेक्षा तिवई आणि उजेड यांवर खर्च करा. उत्तरेकडच्या खिडकीचा प्रकाश, समोर पांढरा थर्माकोल आणि मागे राखाडी कागद एवढ्यात उत्तम काम होतं. दिवे वापरायचे तर दोन सारखे, दोन्ही बाजूंनी तिरके, पुढे पातळ पांढरं कापड. खोलीतली पिवळी ट्यूब बंद करा, नाहीतर वस्तूच्या एका बाजूला एक रंग आणि दुसऱ्या बाजूला दुसरा येतो. वस्त्रं, रंगीत चित्रं आणि हस्तलिखितांवर दिवा मांडणी करताना लावून ठेवू नका. मांडणी दुसऱ्या कशावर तरी करा आणि मूळ वस्तू शेवटी आणा.

सावधान: ‘फोटोत छान दिसावं’ म्हणून पितळ चिंच-मीठ किंवा पावडरीने घासू नका. वर्षानुवर्षांचा थर आणि कोरीव अक्षरांच्या कडा एका दुपारी जातात. मऊ ब्रशने धूळ झटकणं एवढंच. कागद सपाट करण्यासाठी इस्त्री, लॅमिनेशन, सेलोटेप यांतलं काहीही नको.

क्रम असा ठेवा:

१. पहिल्या फोटोत क्रमांकाची चिठ्ठी, सेंटिमीटरची पट्टी आणि राखाडी किंवा रंगीत पट्टी वस्तूशेजारी. हा फोटो ओळखीसाठी आणि रंग जुळवण्यासाठी.
२. मग पट्ट्या काढून समोरून, मागून, बाजूने आणि तळाचा. भांड्यांचा तळ विसरतात, आणि नावं बहुतेक तिथेच कोरलेली असतात.
३. शेवटी तपशील: सही, शिक्का, दुरुस्तीची जागा, तडा. तडा लपवू नका. वस्तू कधी चोरीला गेलीच तर ती ओळखायला तोच उपयोगी पडतो.

अडकित्त्याचं उदाहरण घ्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे, पण लहान संग्रहालयांतही दोन-चार सापडतातच. तो फक्त मिटलेला टिपला तर पोपट किंवा घोडा दिसतो, पातं दिसत नाही. मिटलेला, उघडा, दोन्ही बाजूंनी आणि खिळ्याचा जवळून, असे पाच फोटो लागतात. खिळा जवळून पाहिला की दुरुस्ती झाली आहे का ते कळतं.

झिजलेल्या शिलालेखाला किंवा वीरगळाला समोरून उजेड दिला तर दगड सपाट दिसतो. खोली अंधारी करा आणि एकच दिवा दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवून, पृष्ठभागाला घासून जाईल असा धरा. उथळ अक्षरांत सावली भरते आणि ओळ उमटते. दिवा डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली ठेवून चार फोटो काढा. एका बाजूने न दिसलेली वेलांटी दुसऱ्या बाजूने दिसते. उघड्यावरच्या वीरगळासाठी सकाळचं कोवळं ऊन हेच करतं. अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नका.

मोबाइल चालेल का? नोंदीसाठी चालेल. वस्तूला चिकटून रुंद लेन्सने काढू नका, मागे सरून झूमची लेन्स वापरा. सौंदर्य वाढवणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा. व्हॉट्सअॅपवरून फोटो मागवू नका. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तपशील उडतो.

फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत द्या: संस्थेची अक्षरं, वस्तूचा क्रमांक, फोटोचा क्रमांक. देवनागरी नावं, मोकळ्या जागा आणि ‘फायनल नवीन २’ असली नावं पुढे जाऊन रडवतात. नाव त्याच संध्याकाळी द्या. आठवड्याने दहा समया सारख्याच दिसतात.

साठवणीचा हिशेब

२४ मेगापिक्सेलची आठ बिटांची एक टिफ फाइल (तपशील न गाळता फोटो साठवणारा प्रकार) सुमारे ७२ एमबी होते. पाचशे वस्तूंचे चार-चार फोटो म्हणजे १४४ जीबी. एक हार्ड डिस्क पुरते, पण एकच ठेवू नका. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर. मूळ फाइलवर कधीही काम करायचं नाही, प्रत काढून तीच लहान करायची. पेनड्राइव्ह ही साठवण नव्हे.

तपासा: दर सहा महिन्यांनी दुसऱ्या प्रतीतल्या दहा फाइली उघडून बघा. न उघडलेली प्रत म्हणजे असल्या-नसल्यासारखीच.

टप्पा ६: मजकूर

एका वस्तूला ऐंशी ते दीडशे शब्द. पहिल्या वाक्यात ही काय वस्तू आहे आणि कशासाठी वापरत ते सांगा. मग नजर कुठे न्यायची ते, त्यानंतर ती कुठून आली. ‘अप्रतिम’, ‘दुर्मीळ’, ‘वैभवशाली’ हे शब्द गाळा. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. आधी मराठीत लिहा. इंग्रजीत लिहून भाषांतर केलं की लामणदिव्याचा ‘टांगता दिवा’ होतो.

मोडी कागदाचं लिप्यंतर देत असाल तर ओळीला ओळ द्या, न लागलेलं अक्षर कंसात प्रश्नचिन्हाने दाखवा.

प्रत्येक फोटोला दृष्टिहीन वाचकांसाठी एका वाक्याचं वर्णन द्या. ‘अडकित्त्याचा फोटो’ एवढं नको. ‘पितळी अडकित्ता, दोन्ही दांड्यांच्या टोकांना पोपटाची डोकी, लोखंडी पातं अर्धं उघडलेलं’ असं. हाच मजकूर शोधातही कामाला येतो. माहिती फोटोवर छापून टाकू नका, ती कुणालाच शोधता येत नाही.

टप्पा ७: ठेवायचं कुठे

आता वेबसाइटवाल्याला फोन करा. आता तुमच्या हातात भरलेला तक्ता आणि नीट नावं दिलेले फोटो आहेत, त्यामुळे तोही नीट दर सांगू शकतो.

फुकटात सुरुवात करायची तर विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेचं खुल्या फोटोंचं भांडार. तिथे व्यावसायिक वापराला बंदी घालणारा परवाना चालत नाही, हे विश्वस्तांना आधीच समजावून सांगा. नंतर वाद नको. स्वतःची जागा हवी असेल तर ओमेका किंवा कलेक्टिव्हअॅक्सेस या संग्रह ऑनलाइन मांडायच्या मुक्त प्रणाली आहेत. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही प्रणाली केली आहे, ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ हे राष्ट्रीय संकेतस्थळ तिच्यावर चालतं. सरकारी किंवा अनुदानित संग्रहालयांनी तिथे आधी विचारावं.

करारात चार गोष्टी हव्यात. डोमेन संस्थेच्या नावावर. सगळे पासवर्ड संस्थेकडे. सगळी माहिती कधीही तक्त्याच्या रूपात परत मिळण्याची सोय. नूतनीकरणाची तारीख संस्थेच्या वार्षिक खर्चात. विक्रेत्याच्या वैयक्तिक नावावर घेतलेलं डोमेन त्याने धंदा बंद केल्यावर परत मिळत नाही.

प्रत्येक वस्तूला स्वतंत्र पान आणि न बदलणारा पत्ता असू द्या, पत्त्यात वस्तूचा क्रमांक. फेसबुकवरची पोस्ट किंवा दोनशे पानांची पीडीएफ याची जागा घेत नाही. फोटोवर संस्थेचं नाव आडवं छापून चोरी थांबत नाही, फक्त वस्तू दिसेनाशी होते. अॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि २०१७ पासून न्यूयॉर्कचं मेट (मेट्रोपॉलिटन म्युझियम) आपल्याकडच्या हक्कमुक्त कलाकृतींचे मोठे फोटो खुले देतात.

तपासा: साध्या अँड्रॉइड फोनवर, मोबाइल डेटावर, गावाच्या टोकाला उभं राहून पान उघडा. पडद्यासाठीचा फोटो लांब बाजूला १६०० पिक्सेल पुरे, मोठा हवा असेल तर वेगळी कळ द्या.

टप्पा ८: शाळेपर्यंत

नुसतं ऑनलाइन टाकलं म्हणून शिक्षक शोधत येत नाहीत. तालुक्यातल्या चार-पाच शिक्षकांना बोलवा आणि त्यांच्या वर्गात काय शिकवतात ते विचारा. चौथीला शिवकाल आहे, तर शिवराई तिथे लागते. एका वस्तूचा एक ए-फोर कागद करा: मोठा फोटो, तीन प्रश्न, एक काम. प्रश्न पाहून उत्तर देता येईल असे हवेत. ‘नाण्याच्या कडेची अक्षरं अर्धी का दिसतात?’ या प्रश्नाला मुलं ठशापासून सुरुवात करून आपोआप हाताने नाणी पाडण्यापर्यंत येतात. ‘शिवराईचे महत्त्व सांगा’ याला पाठ केलेलं उत्तर येतं.

हा कागद व्हॉट्सअॅपवरून जाईल आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर छापला जाईल, हे धरून तयार करा. एकदा झेरॉक्स काढूनच बघा.

सुरू झाल्यावर

पहिल्या महिन्यात तीन तऱ्हेचे निरोप येतात. काळ किंवा वाचन चुकल्याचं सांगणारे: यांचं स्वागत करा, तपासा, बदला, आणि काय कधी बदललं ते तक्त्यात तारखेसह लिहा. ‘याचा भाव काय?’ विचारणारे: संग्रहालय किंमत सांगत नाही, एवढंच एका ओळीत. आणि ‘ही तलवार आमच्या घराण्याची’ म्हणणारे. यांच्याशी फोनवर बोलू नका. लेखी मागा, दाखल नोंदवहीतली मूळ नोंद काढा आणि विश्वस्तांसमोर ठेवा. टप्पा २ नीट केला असेल तर उत्तर त्याच पानावर मिळतं.

त्यानंतर पुढच्या पन्नास वस्तू घ्या.